बावीस, अधिक-उणे तीन

परवा एका विद्यार्थिनीनं एम.फार्मच्या प्रबंधाचा कच्चा मसुदा माझ्या टेबलावर आणून ठेवला. सवयीनं मी आधी 'साहित्य आणि पद्धती' उघडलं. ते वाक्य तिथं होतंच. इंग्रजीत अर्थातच, पण मराठीत सांगायचं तर असं: प्राण्यांना २२ ± ३ अंश सेल्सियस तापमानात, १२ तास उजेड आणि १२ तास अंधार या चक्रात ठेवलं होतं, खाणं-पाणी हवं तेवढं मिळत होतं.

"आपल्या अ‍ॅनिमल हाऊसमध्ये थर्मामीटर कुठल्या भिंतीवर आहे गं?" मी विचारलं.

ती गप्प. मग खाली बघत म्हणाली, "मॅडम, सीनियरच्या थीसिसमध्ये असंच होतं."

सीनियरनं तिच्या सीनियरचं घेतलं असणार. असं एकेक प्रबंध मागं सरकत गेलं, तर मध्ये कुठंतरी माझाही प्रबंध लागतो. तिला हे मी सांगितलं नाही. फक्त म्हटलं, आधी थर्मामीटर शोध, मग वाक्य लिही.

माझा प्रबंध २०१६ च्या उन्हाळ्यातला आहे. लातूरकरांना तो उन्हाळा वेगळा सांगायला नको. मांजरा धरणात चिखल उरला होता आणि १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली. टीव्हीवाले स्टेशनवर होते, लोक टँकरच्या रांगेत होते, आणि मी आमच्या जिल्ह्यातल्या एका फार्मसी कॉलेजच्या मागच्या खोलीत उंदरांना मधुमेह देत होते.

विषय होता तरवड. मराठवाड्यातल्या माणसाला तरवड दाखवावा लागत नाही. माळावर, बांधावर, रस्त्याच्या कडेला कुठंही उगवतो, पिवळ्याधमक फुलांनी भरतो, आणि गुरं त्याला तोंड लावत नाहीत म्हणून दुष्काळातही तेवढाच हिरवा दिसतो. आमच्याकडं साखरेच्या आजाराला त्याच्या फुलांचा काढा घेतात. त्या काढ्यात खरंच काही आहे का, हे बघायचं म्हणून पाच गट केले: निरोगी उंदीर, मधुमेही उंदीर, मधुमेही अधिक तरवडाचा कमी डोस, अधिक जास्त डोस, आणि अधिक ग्लिबेनक्लामाइड, म्हणजे माहितीतली गोळी. प्रत्येक गटात सहा. सहाच का, हे मी विचारलं नव्हतं. सगळेच सहा घेतात. नीतिसमितीपुढं जो फॉर्म बी भरावा लागतो, त्यात या आकड्याचं कारण लिहायला जागा असते. तिथं मी काय लिहिलं ते आता आठवत नाही, म्हणजे ते आठवण्याजोगं नसणार.

मधुमेह 'द्यायचा' कसा? स्ट्रेप्टोझोटोसिन नावाची पावडर असते. आंबट सायट्रेट बफरमध्ये, पीएच ४.५ ला, ऐनवेळी विरघळवायची, कारण ती टिकत नाही. उपाशी उंदराच्या पोटात सुई. स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी ती वेचून मारते. पहिल्या रात्री साखरेचं पाणी ठेवावं लागतं, नाहीतर मरणाऱ्या पेशींतून एकदम सुटलेल्या इन्सुलिननं रक्तातली साखर घसरून उंदीर सकाळी ताठ झालेला सापडतो. तीन दिवसांनी शेपटीच्या टोकातून थेंब काढायचा, ग्लुकोमीटरला लावायचा. २५० च्या वर आला की झाला मधुमेही.

आणि मग तो पाणी पितो. दोनशे ग्रॅमचा धडधाकट उंदीर दिवसाला वीस-पंचवीस मिलिलिटर पाण्यात भागवतो. हा शंभराच्या वर जातो. जितकं पितो तितकं मुततो, त्यामुळं पिंजऱ्यातलं भाताचं तूस रोज बदलावं लागतं, नाहीतर अमोनियानं आपलेच डोळे झोंबतात. शहर घागरीनं पाणी मोजत होतं आणि माझे चोवीस उंदीर बाटल्या रिकाम्या करत होते.

त्या बाटल्या भरायचे मामा. अ‍ॅनिमल हाऊसचे अटेंडंट. पगाराच्या कागदावर हुद्दा शिपायाचा. मोठ्या पांढऱ्या उंदरांना ते नुसतं 'मोठी' म्हणत आणि लहान जातीच्या उंदरांना 'बारकी'. ओळखीसाठी आम्ही पिक्रिक अ‍ॅसिडचा पिवळा ठिपका लावायचो, कुणाच्या डोक्यावर, कुणाच्या पाठीवर, कुणाच्या शेपटीवर. मामांच्या तोंडी ते टिळेवाला, पाठवाला, शेपटीवाला. तिसऱ्या पिंजऱ्यातल्या टिळेवाल्याचं पाणी ते मला न विचारता सांगत.

"मॅडम, लई पाणी पिऊलालेत. ह्यास्नी साखर झाली ना?"

"हो मामा."

"माझ्या सासूलाबी हाय. ती बी रातभर पाणी पाणी करती."

तेव्हा मला हसू आलं होतं. पुढं कित्येक वर्षांनी कळलं, की माझ्या सगळ्या प्रयोगाची परीक्षा मामांनी त्या एका वाक्यात घेतली होती. त्यांच्या सासूचं वय साठीच्या पुढं, अंगानं भारी, साखर वर्षानुवर्षं हळूहळू वाढलेली. शरीरात इन्सुलिन आहे, पण ते ऐकलं जात नाही. माझा उंदीर कोवळा, सडपातळ, आणि विषानं तीन दिवसांत पेशी जाळलेला. दोघांत सारखं एवढंच, की दोघं रातभर पाणी मागतात. तरवडाचा काढा कुणासाठी करतात? सासूसाठी. तपासला कुणावर? तिच्यासारखा नसलेल्या जिवावर. प्रतिरूप म्हणून प्राणी वापरायचा, तर तो कशाचं रूप आहे हे आधी बघायला नको? मी पाहिलं नव्हतं. स्ट्रेप्टोझोटोसिन मिळते, स्वस्तात उरकतं, अठ्ठावीस दिवसांत आकडे हातात येतात. एवढीच निवडीची कारणं. देशभरातल्या फार्मसी कॉलेजांत दरवर्षी याच साच्यातून मेथी, कारलं, जांभूळ, गुडमार 'मधुमेहविरोधी' ठरून बाहेर पडतात. मला तर आता मधुमेहविरोधी न ठरलेली वनस्पती बघायची इच्छा आहे.

मे महिन्यात एसी बंद पडला. दुरुस्तीवाला तिसऱ्या दिवशी आला. त्यात दुपारची लाईट जायची ती वेगळीच. उंदराला घाम येत नाही. तो अंगातली उष्णता शेपटीतून टाकतो, आणि तेवढ्यानं भागेना की स्वतःची लाळ अंगाला फासतो. मी दार उघडलं तेव्हा सगळे पिंजऱ्यात पोटावर सपाट पसरलेले, पाय फाकलेले, हनुवट्या ओल्या. मामा पत्र्यावर पोती ओली करून टाकत होते. कोणतं पाणी वापरत होते, हे विचारायची मला हिंमत झाली नाही.

चार मेले. तीन मधुमेही गटांतले, एक निरोगी. सुदैवानं म्हणायचं की दुर्दैवानं, सुरुवातीला आम्ही काही जादा उंदीर धरले होते. ते मेलेल्यांच्या जागी बसले. गट पुन्हा सहा-सहाचे झाले आणि प्रबंधात चौघांचा उल्लेख आला नाही. पृष्ठ ४७ वर मात्र मी स्वच्छ लिहिलं: २२ ± ३ अंश सेल्सियस. खोटं बोलतेय असं वाटलंही नाही. मथळ्यावर 'श्री' लिहावं तसं ते लिहायचं असतं, एवढंच डोक्यात होतं.

गंमत अशी, की बावीस हा आकडा उंदरांच्या सोयीचा नाहीच. लहान उंदराला ऊब मिळवायला वेगळी शक्ती खर्चावी लागत नाही असं तापमान साधारण तीसच्या आसपास असतं. बावीसमध्ये तो कुडकुडतो, एकमेकांना चिकटतो, घरटं करायला काही मिळतंय का शोधतो. अमेरिकेतल्या संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवलं, की थंड खोलीतल्या उंदरांच्या कर्करोगाच्या गाठी उबेतल्या उंदरांपेक्षा भराभर वाढतात, कारण थंडीनं त्यांची प्रतिकारशक्ती दबते. बावीस अंश सोयीचे आहेत ते कोट घालून उभं राहणाऱ्या माणसाला. म्हणजे जगभर कागदावर जे लिहिलं जातं ते उंदराला थंड, आणि आमच्याकडं प्रत्यक्षात जे होतं ते उंदराला भट्टी.

मामांबद्दल मी जरा जास्तच गोड लिहितेय असं वाटेल, म्हणून हेही सांगते. मधुमेही गटाचं खाद्य आम्ही रोज तोलायचो: किती टाकलं, किती उरलं. एका गटाचं खाणं कमी आणि वजन मात्र टिकलेलं. मला वाटलं, तरवड लागू पडला. गाईडला दाखवलं, तेही खूश. मग एका सकाळी लवकर गेले तर मामा पिंजऱ्याच्या जाळीतून ज्वारीच्या भाकरीचे तुकडे आत सारत होते.

"मामा, हे काय?"

"लई सुकलं व्हतं ओ त्ये. बघवंना."

किती दिवस सारत होते, कुणाकुणाला, किती, ते त्यांनाही सांगता येईना. त्या गटाचे आकडे मी टाकून दिले, आणि चिडले ते वेगळंच. आज वाटतं, चूक भाकरीची नव्हती. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं की आपण इथं काय करतोय. जो माणूस दिवसातले आठ तास त्या जिवांजवळ असतो, त्याला प्रयोग ठाऊक नाही. आणि ज्याला प्रयोग ठाऊक आहे तो आठवड्यातून दोनदा नाकाला रुमाल लावून येतो.

आमचे अण्णा देवणी तालुक्यातले. घरी देवणी गाई, त्याही बालंक्या, म्हणजे अंगावर काळा ठिपका नसलेल्या पांढऱ्याशुभ्र. वानेरा म्हणजे तोंडाशी काळा, शेवरा म्हणजे अंगभर काळे पट्टे-ठिपके, हे मला अक्षरओळखीच्या आधी येत होतं. मी एकदा त्यांना सांगितलं, की प्रयोगशाळेतल्या उंदरांच्या काही जाती सख्ख्या भावा-बहिणींचा संकर सलग वीस पिढ्या करून बनवतात. अण्णांनी हातातला चहा खाली ठेवला.

"सख्ख्या भावा-बहिणीचं लावतेत? कामून?"

"सगळे अगदी एकासारखे एक व्हावेत म्हणून. मग फरक दिसला तर तो औषधाचाच."

"आन् असलं बियाणं टिकतं?"

टिकतं, पण सांभाळावं लागतं, मी म्हणाले. अण्णांनी मग त्यांचा हिशेब सांगितला: वळू दोन-तीन वर्षांत बदलायचा, त्याच्याच कालवडी त्याच्याखाली येऊ द्यायच्या नाहीत, कुठल्या गाईला कुणाचं लागलंय ते लक्षात ठेवायचं. ऐकता ऐकता मला आमच्या कॉलेजचे उंदीर आठवले. कागदावर ते विस्टार. विस्टार ही वीस पिढ्यांवाली जात नाही. तिच्यात विविधता राखायची असते, जोड्या फिरवत ठेवायच्या असतात, थेट अण्णांच्या हिशेबानं. आणि आमच्याकडं? कधीकाळी आणलेल्या दोन-चार जोड्या, त्यांचीच पिल्लं, पिल्लांची पिल्लं, कुणाचं कुणाशी याची नोंद नाही. धड शुद्ध नाहीत, धड मिश्र नाहीत. देवणीच्या एका अडाणी वळूची वंशावळ आमच्या उंदरांपेक्षा पक्की होती. ('अडाणी' हा अण्णांचाच शब्द, त्या वळूनं त्यांना दोनदा पाडलंय.)

नोकरी लागल्यावर काही वर्षांनी हैदराबादला गेले. तिथं राष्ट्रीय पोषण संस्थेत प्रयोगशाळेतल्या प्राण्यांवरचं प्रशिक्षण असतं. आपल्याकडच्या माणसाला हैदराबाद परकं वाटत नाही; आजोबांच्या काळात राजधानीच ती. ही संस्था मात्र मूळची तिथली नाही. १९१८ मध्ये मॅककॅरिसन नावाच्या डॉक्टरानं ती तमिळनाडूतल्या कुन्नूरला एका खोलीत सुरू केली, १९५८ मध्ये ती हैदराबादला आली. या मॅककॅरिसननं उंदरांना हिंदुस्थानातल्या वेगवेगळ्या प्रांतांचं जेवण घातलं होतं. शीख जेवण, पठाणी, बंगाली, मद्रासी, आणि त्यात एक मराठा जेवणही होतं. पोळी-दूध-डाळीवरचे शीख उंदीर सगळ्यांत गुटगुटीत निघाले, पॉलिशच्या भातावरचे मद्रासी सगळ्यांत रोडावलेले. आपण मधे कुठंतरी, पण वरच्या अंगाला. मला तिथंच मामांची भाकरी आठवली. तीही एक प्रकारची मराठा जेवणाची चाचणीच होती, नोंद नसलेली.

तिथं मी उंदरांची ती वसाहत पाहिली, जी १९२० च्या दशकापासून अखंड सांभाळली आहे. त्याच वसाहतीत १९९६ मध्ये काही उंदीर आपसूक लठ्ठ निपजलेले दिसले. सुई नाही, विष नाही. जन्मतःच ती खोड. संस्थेनं ती ओळ वेगळी वाढवली. रक्तात इन्सुलिन भरपूर आणि तरी शरीर ऐकत नाही असं ते उंदीर. काचेपलीकडचा तो मांसल गोळा बघताना मला पहिल्यांदा वाटलं, ही खरी मामांची सासू. पण लठ्ठ उंदीर निपजणं हा योग. तो ओळखू येणं हा योग नव्हे. पिढ्यान्‌पिढ्या नोंदी ठेवलेल्या होत्या म्हणून वेगळा जीव वेगळा दिसला. आमच्याकडं तो निपजला असता तर मामांनी कौतुक केलं असतं आणि आम्ही तो वजनात बसत नाही म्हणून गटाबाहेर काढला असता.

प्रशिक्षणात कळलेल्या इतर गोष्टी ऐकून हसावं की रडावं कळेना. उंदराला शेपटीला धरून उचललं तर तो धास्तावतो आणि वागणुकीच्या चाचण्यांत वेगळं वागतो. नळकांड्यात शिरू देऊन किंवा ओंजळीत घेऊन उचलला तर निवांत राहतो. लिव्हरपूलच्या संशोधकांनी हे २०१० मध्ये छापलं. पुरुष माणसाच्या नुसत्या वासानं उंदरांचा ताण वाढतो आणि त्या ताणात वेदना दबते, हे २०१४ चं. मक्याचे दाणे काढून उरलेलं बुरकुंड भरडून पिंजऱ्यात अंथरतात, आपल्याकडं सिल्लोड-भोकरदनला त्याचे ढीग पडतात, त्या बुरकुंडातली द्रव्यं उंदरांच्या संप्रेरकांत ढवळाढवळ करतात. म्हणजे अंथरूण, हात, वास, खोली हे सगळं निकालात उतरतं. औषध त्यानंतर.

परत आल्यावर मामांना नळकांड्याचं सांगितलं. त्यांनी शेतातल्या बोअरचा उरलेला दोन इंची पीव्हीसी पाईप आणला, हॅकसॉनं वीतभराचे तुकडे केले, कडा दगडावर घासून मऊ केल्या. आठवड्यात 'बारकी' पाईप दिसला की स्वतःहून आत शिरायला लागली. 'मोठ्यां'ना तर मामा आधीपासूनच छातीखाली हात घालून उचलत. "शेपटीला धरून कुनाला उचलतेत का मॅडम," एवढंच म्हणाले. लिव्हरपूलचं नाव मी काढलंच नाही.

१९४७ मध्ये अमेरिकेतल्या बार हार्बर गावात वणवा शिरला आणि जॅक्सन प्रयोगशाळेतले नव्वद हजारांच्या घरात उंदीर जळाले. शुद्ध जातींचं जगातलं मोठं कोठार राख झालं. पण तिथून ज्यांनी ज्यांनी पूर्वी उंदीर नेले होते, त्यांनी जोड्या परत पाठवल्या आणि जाती पुन्हा उभ्या राहिल्या. मी हे अण्णांना सांगितलं तेव्हा त्यांना काहीच नवल वाटलं नाही. ज्या वर्षी आपल्या रानात ज्वारी करपते, त्या वर्षी गेल्या साली आपण ज्याला बी दिलं त्याच्याकडूनच पायली मागून आणायची, यात काय विशेष, असा त्यांचा चेहरा होता. आमच्या विद्यापीठाच्या परिसरात फार्मसी कॉलेजं किती तरी, आणि प्रत्येकाची खोली वेगळी, एसी वेगळा, चार जोड्या वेगळ्या, आणि कुणाचं कुणाला ठाऊक नाही. जिल्ह्यात मिळून एकच नीट चालवलेली वसाहत ठेवली तर निम्मे उंदीर वाचतील. मी हे बैठकीत मांडलं. मान डोलल्या. मग चहा आला.

आता काळ बदलतोय हे खरं. १९५९ पासून सांगितलं जातंय की शक्य तिथं प्राण्याला पर्याय शोधा, लागतील तितकेच वापरा, त्रास कमी करा. २०२३ मध्ये आपल्या सरकारनं नव्या औषधांच्या नियमांत दुरुस्ती करून माणसाच्या पेशींपासून केलेले छोटे अवयव, चिपवर पेशी वाढवून केलेले अवयव यांच्यावरच्या चाचण्यांनाही जागा दिली. बेडकाची चिरफाड माझ्या धाकट्या भावाला करावीच लागली नाही, संगणकावर झालं. चांगलंच आहे. पण चिपवरचं यकृत आमच्या मागच्या खोलीत पोचेपर्यंत पिंजरे तिथंच असणार. त्या विद्यार्थिनीला मी सहाचा आकडा आधी गणितानं सिद्ध करायला लावला, कुठल्या पिंजऱ्यात कुठलं औषध हे मोजणाऱ्याला कळणार नाही अशी व्यवस्था करायला लावली, नर-मादी दोन्ही घ्यायला लावले. ती वैतागली आहे. तिच्या मैत्रिणींचं काम पुढं गेलंय.

मामा गेल्या वर्षी निवृत्त झाले. निरोपसमारंभात शाल-श्रीफळ झालं, भाषणं झाली. नंतर अ‍ॅनिमल हाऊसच्या ओट्यावर त्यांनी मला एक पिशवी दिली. आत चौकटीच्या वह्या, दहा-बारा. हजेरीच्या असतील असं वाटलं. उघडल्या तर वर्षानुवर्षांच्या नोंदी. खोलीत एक जुना थर्मामीटर होता म्हणे, दाराच्या आतल्या बाजूला खिळ्याला. मला तो कधी दिसला नव्हता. ते रोज दुपारी बघत आणि लिहून ठेवत. कुणी सांगितलं नव्हतं.

२०१६ ची वही काढली. मे महिन्याचं पान. "येशी बंद. ३७. लाईट ११ ते ४ न्हाई." दुसऱ्या दिवशी "३८. पोती भिजवली." तिसऱ्या दिवशी "३७. टिळा ३ नं., पाठ ५ नं. मेले. आजून दोन." आणि पानाच्या कडेला बारीक अक्षरात, "भाकर दिली" असं लिहून पुढं नंबर. तारखेसकट. मी जे आकडे टाकून दिले होते, ते कुठल्या दिवसापासून टाकायला हवे होते हे त्यात सरळ होतं.

प्रबंधावर बेतलेला निबंध ज्या मासिकात छापला होता, त्याची वेबसाईट आता उघडत नाही. बहुधा मासिकच बंद पडलंय. दुरुस्ती पाठवायची कुणाला? प्रबंधाची प्रत मात्र ग्रंथालयात आहे, काळ्या कापडी बांधणीची. मागच्या आठवड्यात गेले, ती काढून घेतली आणि पृष्ठ ४७ वर त्या वाक्याशेजारी पेन्सिलीनं तीन तारखा, तीन तापमानं आणि चार नंबर उतरवायला बसले. तिसऱ्या नंबरापाशी होते तेवढ्यात ग्रंथपाल मागं येऊन उभे राहिले.

"मॅडम, पुस्तकात लिहायचं नसतं," ते म्हणाले. "तुम्हीच असं केलं तर पोरांना काय सांगायचं?"

मी म्हटलं, एकच राहिलाय.